गरम भागांचं निकेल ब्रेझिंग: फिलरच्या तक्त्यात जे दिसत नाही ते (टोपणनावांनी झालेली चर्चा)

तप्तलोह

ब्रेझिंगच्या (भाग न वितळवता, मधल्या फटीत दुसरा धातू वितळवून केलेल्या) तीन जोडांसाठी फिलर, म्हणजे तो वितळणारा धातू, ठरवायचा आहे. तिन्ही व्हॅक्यूम भट्टीत जाणार.

पहिला, हनीकोंब सील (मधाच्या पोळ्यासारखे पातळ भिंतींचे सेल, ब्लेडच्या टोकाशी घासून झिजणारे): हॅस्टेलॉय एक्स या निकेल मिश्रधातूची फॉइल ०.०७५ मिमी जाड, मागे इन्कोनेल ६२५ या दुसऱ्या निकेल मिश्रधातूची रिंग. दुसरा, इंधनाची नळी: ३४७ स्टेनलेस, बाहेरचा व्यास १२ मिमी, भिंत ०.९ मिमी, ती ६२५ च्या फिटिंगमध्ये ४ मिमी आत बसते. तिसरा, इन्कोनेल ७१८ च्या पत्र्याची जुळणी, जिला ब्रेझिंगनंतर एजिंग (ठरावीक तापमानाला तासन्‌तास ठेवून कठीण करणं) करून पूर्ण ताकद द्यायची आहे.

तक्त्यात बीएनआय-२ हा निकेल फिलर, म्हणजे एएमएस (विमान-उद्योगाचं मानक) ४७७७, सगळ्यात सोयीचा दिसतो. क्रोमियम ७ टक्के, बोरॉन ३.१, सिलिकॉन ४.५, लोह ३, बाकी निकेल. ९७१ °से. ला वितळायला लागतो, ९९९ ला पूर्ण पातळ. ब्रेझिंगचा पट्टा १०१० ते ११७७. तिन्ही जोडांना हाच घेतला तर कुठे अडेल? शक्यतो आकड्यांत सांगा.

कणसीमा

पहिल्याच जोडात अडेल.

तक्ता फिलर कधी वितळतो ते सांगतो, वितळल्यावर तो शेजाऱ्याचं काय करतो ते सांगत नाही. बोरॉनचा अणू लहान, निकेलच्या जाळीतल्या मोकळ्या जागांतून तो झपाट्याने आत शिरतो. सिलिकॉनला निकेलच्या अणूची जागा घेत सरकावं लागतं, त्यामुळे तो फार हळू जातो. बोरॉनच्या या वेगाचा जाड भागात उपयोगच होतो: तो बेस मेटलमध्ये (जोडायच्या भागांच्या धातूत) निघून जातो, मधल्या द्रवाचा गोठणबिंदू वर चढतो आणि भट्टीचं तापमान न बदलता जोड जागच्या जागी गोठतो.

०.०७५ च्या फॉइलमध्ये मात्र बोरॉनला जायला जागाच नाही, कारण दोन्ही बाजूंनी फिलर लागलेला असतो. द्रव फॉइलचा पाय विरघळवतो. उरलेल्या भिंतीत कणसीमांवर (धातूच्या कणांच्या, म्हणजे ग्रेनच्या, हद्दींवर) क्रोमियमचे बोराइड बसतात, भिंत ठिसूळ होते. शेजारचं क्रोमियम त्यात खर्च झालेलं असल्याने पुढे ऑक्सिडेशनही तिथूनच सुरू होतं. फिलर जास्त पडला आणि सोक (त्या तापमानाला धरून ठेवण्याचा वेळ) लांबला तर सेलच्या मुळाशी भिंत निम्मीही उरत नाही.

हनीकोंबसाठी बीएनआय-५ घ्या, एएमएस ४७८२. क्रोमियम १९, सिलिकॉन १० च्या थोडं वर, बोरॉन नाही. १०७९ ला सुरू, ११३५ ला पूर्ण पातळ, ब्रेझिंग ११५० ते १२०५ मध्ये. तापमान ऐकून दचकू नका. हॅस्टेलॉय एक्सचं सोल्यूशन ट्रीटमेंटच (मिश्रधातूतले घटक विरघळवून एकजीव करणारी उष्णता-प्रक्रिया) ११७७ च्या आसपास होतं, ६२५ लाही ते सोसतं.

एक अडचण: बीएनआय-५ अमॉर्फस फॉइलच्या रूपात मिळत नाही, कारण नुसत्या सिलिकॉनवर ती काचेसारखी रचना जमत नाही. पावडर किंवा चिकट टेपच वापरावी लागते. फॉइलच हवी असेल तर मेटग्लासच्या एमबीएफ-५० सारखा प्रकार आहे, पण त्यात सिलिकॉन ७.३ आणि बोरॉन दीड टक्का आहे. मग पातळ भिंतीला थोडा बोरॉन आलाच.

ठिणगी

बीएनआय-२ ला उगाच बदनाम करताय. जाड भागांत तो उत्तम चालतो, ०.१० मिमीपर्यंतची गॅप आरामात भरतो, फिलेटही (कोपऱ्यातली फिलरची किनार) सुरेख येतो. प्रश्न फक्त फॉइलचा आहे.

कणसीमा

गॅप भरणं वेगळं आणि जोड चांगला होणं वेगळं.

०.१० ची गॅप भरेल, पण सेक्शन कापून एच करा (आम्लाने आतली रचना उघडी करा). मधोमध एक सलग पट्टा दिसेल: निकेल बोराइड, क्रोमियम बोराइड आणि सिलिसाइड यांचा युटेक्टिक (सगळ्यात कमी तापमानाला वितळणारं मिश्रण). तो बेस मेटलपेक्षा कितीतरी कठीण आणि काचेसारखा ठिसूळ असतो. भेग एकदा त्यात शिरली की या टोकापासून त्या टोकापर्यंत तिला अडवणारं काही नसतं. थर्मल सायकल आणि कंपन सोसणाऱ्या जोडाला हे चालत नाही.

पट्टा राहणार की नाही, हे गॅप आणि वेळ ठरवतात. १०६५ ला दहा मिनिटं धरलीत तर स्टेनलेस किंवा निकेल बेसवर बीएनआय-२ ची युटेक्टिकमुक्त गॅप ढोबळमानाने ०.०३ ते ०.०५ मिमी. त्याहून मोठ्या गॅपला वेळ वाढवावा लागतो, आणि तो गॅपच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गॅप दुप्पट झाली तर वेळ चौपट. ०.०५ ला एक तास लागत असेल तर ०.१० ला चार. म्हणून मशीनिंगमध्ये वाचवलेला पैसा भट्टीत जातो.

सिलिकॉनवाल्या बीएनआय-५ ला तर हा नियम आणखी जाचक आहे. सिलिकॉन हळू जातो, त्यामुळे तितक्याच वेळात त्याची पट्टामुक्त गॅप अजून लहान. हनीकोंब रिंगवर घट्ट दाबून बसवतात त्याचं एक कारण हेच.

ठिणगी

वर्गाचं गणित मान्य. पण चार तास १०६५ ला ठेवलं तर बेस मेटलचे ग्रेन फुगतील, त्याचं काय?

कणसीमा

फुगतील. म्हणून लांब डिफ्यूजन सोक (फिलरचे घटक बेस मेटलमध्ये मुरवण्यासाठीचा) प्रत्येक मिश्रधातूला देता येत नाही. सोल्यूशन ट्रीटमेंट त्याच पट्ट्यात असेल तर बिनधास्त द्या, नसेल तर गॅप कमी करा. तिसरा मार्ग नाही. ०.०२५ ते ०.०५ धरून चाला.

मोजपट्टी

गॅप म्हणताना *ब्रेझिंग तापमानाची* गॅप म्हणा. ड्रॉइंगवर थंड गॅप असते.

दुसऱ्या जोडाचं गणित: ३४७ ची नळी आत, ६२५ चं फिटिंग बाहेर. ३४७ जास्त प्रसरण पावतं, फरक दर अंशाला साधारण ३ दशलक्षांश. १२ मिमी व्यासावर ९६० अंशांच्या चढाला १२ × ०.०००००३ × ९६० = ०.०३५ मिमी, म्हणजे एका बाजूला ०.०१७. थंड गॅप ०.०५ ठेवली तर गरम होताना ती ०.०३३ वर येते. चांगलं आहे. धातू उलटे असते, ६२५ आत आणि ३४७ बाहेर, तर ती ०.०६७ झाली असती.

१२ मिमीवर हे किरकोळ वाटतं. हाच फरक १०० मिमी व्यासावर ०.२९ मिमी होतो, एका बाजूला जवळजवळ ०.१५. मोठ्या रिंगा ‘खोलीत नीट बसल्या होत्या, बाहेर आल्यावर अर्ध्या परिघावर फिलरच नाही’ अशा निघतात त्या यामुळे. जास्त पसरणारा भाग बाहेर असेल तर थंड फिट घट्ट ठेवावी लागते, प्रसंगी इंटरफेरन्स, म्हणजे दाबून बसणारी फिटसुद्धा.

आता मात्रा. गॅपमधलं आकारमान: परिघ ३७.७ × ४ × ०.०५ = ७.५ घन मिमी. दोन्ही टोकांना ०.५ मिमी त्रिज्येचा अंतर्वक्र फिलेट धरला तर त्याचं क्षेत्र ०.२१५ × ०.५² = ०.०५४ चौ. मिमी. गुणिले ३७.७, गुणिले दोन, साधारण ४ घन मिमी. एकूण ११.६, वर पाव हिस्सा धरा: साडेचौदा. ०.७ मिमी तारेचा नळीभोवती एक वेढा भरतो १५.४ घन मिमी. बरोबर बसतो.

तार एकाच बाजूला ठेवा. फिलर पलीकडच्या टोकाला फिलेट करून दिसला तर गॅप भरली याचा पुरावा मिळतो. दोन्ही बाजूंना पेस्ट लावली तर दोन्हीकडे छान फिलेट दिसेल आणि मधे राहिलेली पोकळी कुणालाच दिसणार नाही. टोक बंद असलेल्या जोडाला हवा जायला भोक ठेवा.

ओव्हरलॅप पातळ भिंतीच्या तिप्पट-चौपट पुरतो. ०.९ ला ४ मिमी ठीक. अजून लांबवून ताकद वाढत नाही. उलट वाटेत बेस मेटल विरघळवत गेलेला द्रव घट्ट होतो आणि मधेच थांबतो.

तप्तलोह

तारेचं म्हणताय म्हणजे नळीसाठी निकेल फिलर नाहीच? बीएनआय-२ ची तार कुठे मिळते, तो ठिसूळ असतो.

मोजपट्टी

बरोबर पकडलंत. नळीला सोनं-निकेल: ८२ टक्के सोनं, १८ निकेल, बीएयू-४, एएमएस ४७८७. ९५० ला जवळजवळ एकाच तापमानाला वितळतो, ब्रेझिंग ९८० ते १०००. बोरॉन नाही, सिलिकॉन नाही, जोड लवचीक, ०.९ च्या भिंतीला कुरतडणं नगण्य. कंपन सोसणाऱ्या इंधन-नळ्यांना सोनं परवडतं, कारण जोडाला लागणारा फिलर चिमूटभर असतो. घनता मात्र १६ च्या आसपास, बीएनआय-२ ची ७.८ च्या जवळ. तेच साडेचौदा घन मिमी सोन्यात ०.२३ ग्रॅम भरतात, निकेलमध्ये ०.११. वजनावर मात्रा ठरवणाऱ्यांचा इथे घोटाळा होतो.

३४७ निवडलंत ते चांगलं केलंत. ३२१ मध्ये टायटॅनियम असतं, व्हॅक्यूम जरा ढिला पडला की फिलर पसरत नाही.

शून्यदाब

भट्टीकडे वळू. सोनं-निकेलची रेसिपी सोपी आहे, म्हणून बीएनआय-२ आणि बीएनआय-५ चंच लिहितो.

आधी रिकाम्या, कोरड्या, थंड भट्टीची गळती तपासा. दाब ताशी १० मायक्रॉन पाऱ्याने वाढणं ही ढिली मर्यादा. ॲल्युमिनियम-टायटॅनियमवाल्या मिश्रधातूंना ५ च्या खाली हवी. दाब १०⁻⁴ टॉरच्या घरात आल्याशिवाय तापवायला सुरुवात नको.

तापवण्याचा वेग मिनिटाला ८ ते १० अंश. पेस्ट असेल तर ४५० ते ५५० दरम्यान थांबा, बाइंडर (पेस्टमधला चिकट पदार्थ) जळून निघू द्या, दाब परत खाली आल्यावरच पुढे जा. घाई केली तर पेस्ट फुगून सुटते, पावडर उडते, आणि राहिलेला कार्बन जोडात काळा डाग होऊन बसतो. पेस्टमध्ये धातू ८५ ते ९० टक्के असतो. पातळ करायला कुणी जास्त बाइंडर घातला की भोकं आलीच.

मग सॉलिडसच्या (फिलर वितळायला लागतो त्या तापमानाच्या) २५-३० अंश खाली थांबा. बीएनआय-२ ला ९४० ते ९४५, बीएनआय-५ ला १०५०. इथे सगळा लोड एका तापमानाला यायला हवा, आणि हे घड्याळावर ठरवायचं नाही. एक थर्मोकपल सर्वात जाड भागात, एक सर्वात पातळ भागावर. दोघांत ५-६ अंशांचा फरक उरला की पुढे. पातळ भाग आधी तापला तर फिलर गॅप सोडून त्याच्याकडे पळतो. द्रव नेहमी जास्त गरम बाजूला जातो.

इथून वर मात्र वेगाने जा, मिनिटाला १५ ते २० अंश. हळू गेलात तर फिलरचा कमी तापमानाला वितळणारा अंश आधी वाहून जातो आणि जास्त तापमानाचा सांगाडा जागेवर टणक कवच होऊन राहतो. ज्या फिलरमध्ये सॉलिडस आणि लिक्विडस (पूर्ण पातळ होण्याचं तापमान) यांतलं अंतर मोठं त्यांत हे जास्त: बीएनआय-१ मध्ये ९७७ ते १०३८, बीएनआय-४ मध्ये ९८२ ते १०६६.

बीएनआय-२ ला १०४० ते १०६५, दहा मिनिटं, हवं तर पुढे डिफ्यूजन सोक. बीएनआय-५ ला ११७५ ते ११९०, पाच ते दहा मिनिटं. हजार अंशांच्या वर खोल व्हॅक्यूममध्ये क्रोमियम पृष्ठभागावरून उडू लागतं आणि भट्टीच्या थंड भागांवर जमतं. म्हणून या लांब, उंच सायकलमध्ये थोडा शुद्ध, कोरडा आर्गन सोडून दाब टॉरच्या काही दशांशांवर ठेवतात.

थंड करताना पंखा लगेच लावू नका. द्रव अजून जोडात असतो, वायूचा झोत त्याला फिलेटमधून उडवून देतो. व्हॅक्यूममध्येच सॉलिडसच्या किमान ५०-६० अंश खाली येऊ द्या, बीएनआय-२ ला ९०० धरा, मग आर्गन.

ठिणगी

आता तिसरा जोड. ७१८ ला बीएनआय-२ चालेल ना? तिथे पत्रा आहे, फॉइल नाही.

शून्यदाब

फिलर वितळेल, पसरेल. पण ७१८ चं सोल्यूशन ट्रीटमेंट ९४१ ते १०१० च्या पट्ट्यात होतं. तुम्ही १०४० च्या वर गेलात की ग्रेनना धरून ठेवणारा डेल्टा फेज विरघळतो आणि ग्रेन मोकळे सुटतात. थकवा-आयुष्य खाली येतं, आणि नंतरचं एजिंग ते परत आणत नाही.

सोनं-निकेल ९८० ते १००० ला चालतो, म्हणजे ब्रेझिंग आणि सोल्यूशन एकाच सायकलमध्ये. मग ७१८ °से. ला ८ तास, ताशी ५५ अंशांनी ६२१ पर्यंत, तिथे ८ तास. सोन्याचा जोड ९५० च्या खाली हलत नाही, त्यामुळे एजिंग सुखरूप होतं. ७१८ स्वतःच सुमारे ६५० अंशांपर्यंतच्या कामाचा. तितकं हा फिलरही सोसतो.

कणसीमा

७१८ साठी दोन गोष्टी अजून.

एक, पृष्ठभाग. त्यात ॲल्युमिनियम अर्धा टक्का, टायटॅनियम जवळजवळ एक टक्का. ही दोन्ही ऑक्साइडं भट्टीतल्या व्हॅक्यूमला दाद देत नाहीत. फिलर थेंब होऊन बसतो. उपाय: जोडाच्या जागी १० ते २५ मायक्रॉन निकेल प्लेटिंग. इलेक्ट्रोलिटिकच हवं. इलेक्ट्रोलेस निकेलमध्ये फॉस्फरस असतो, ते ८८० च्या आसपासच वितळू लागतं आणि जोडात नको तो ठिसूळ फॉस्फाइड येतो. ॲल्युमिना किंवा वाळूचा ब्लास्टही करू नका. कण रुततात आणि त्यांच्यावर कुठलाच फिलर पसरत नाही. निकेल बेसची ग्रिट मिळते, ती वापरा.

दोन, ताण. ७१८ किंवा एक्स-७५० सारखा मिश्रधातू एज केलेल्या किंवा थंड वाकवलेल्या अवस्थेत असेल आणि त्याला पातळ फिलर लागला, तर कणसीमांतून द्रव आत शिरून सरळ भेग पडते. सेक्शनमध्ये भेगेत फिलर भरलेला दिसतो, हीच तिची ओळख. म्हणून ॲनील (तापवून मऊ केलेल्या) अवस्थेत ब्रेझ करा, एजिंग नंतर. आणि फिक्स्चरने पत्रा ओढून गॅप जुळवू नका. स्क्रूने दाबून बसवलेला पत्रा म्हणजे ताणाखालचा पत्रा.

मोजपट्टी

फिक्स्चरचा विषय निघालाच आहे तर: ग्राफाइटवर निकेलचा भाग थेट ठेवू नका, कार्बन आत जातो. मधे सिरॅमिक पेपर किंवा मॉलिब्डेनमची पट्टी. ऑक्सिजन ओढायला कुणी टायटॅनियमचा तुकडा भट्टीत ठेवतं. तो भागाला टेकला तर निकेल-टायटॅनियमचा युटेक्टिक ९४२ लाच वितळतो आणि भागात भोक पडतं.

स्टॉप-ऑफ (फिलरला पुढे पसरू न देणारा लेप) ब्रशने, जोडापासून २-३ मिमी लांब. वाळलेल्या स्टॉप-ऑफची धूळ गॅपमध्ये गेली तर तिथे जोड होणार नाही.

तप्तलोह

म्हणजे हनीकोंबला बीएनआय-५, नळी आणि ७१८ ला सोनं-निकेल. बीएनआय-२ कुठेच नाही! हनीकोंबची मात्रा आणि तपासणी सांगाल का?

शून्यदाब

हनीकोंब रिंगवर बसवताना फीलर गेज लावा. ०.०५ चं पान कुठेही आत जायला नको. जातंय तिथे टॅक (छोटी ठिपका-वेल्डं) वाढवा, पेस्ट वाढवू नका. टेप सेलच्या टोकांवर नीट दाबा, किंवा पावडर सेलमध्ये सारखी पसरून बाइंडरने बांधा.

मात्रा कमीच चांगली. जास्तीचा फिलर सेलच्या दुमडलेल्या जोडभिंतींमधून केशाकर्षणाने वर चढतो. वर चढलेला फिलर म्हणजे ब्लेडच्या टोकाला घासणारा कठीण दगड, आणि घासून झिजावं म्हणूनच तर हनीकोंब लावलेला असतो. किती उंचीपर्यंत चालेल ते ड्रॉइंग सांगतं, त्याच्या वरचे सेल मोजून नोंदवा.

तपासणीला आधी डोळे: प्रत्येक सेलच्या मुळाशी सगळ्या बाजूंना चमकती किनार हवी. मग थर्मोग्राफी. न चिकटलेला भाग वेगळा तापतो आणि लगेच उठून दिसतो. फ्लुरोसंट पेनिट्रंट (भेगांत शिरून चमकणारा द्रव) हनीकोंबवर नको, सेलमध्ये शिरून बसतं. नळीच्या जोडाला एक्स-रे आणि दाब-गळती चाचणी.

प्रत्येक लोडबरोबर त्याच फिलर-लॉटचा, त्याच गॅपचा कूपन (चाचणीचा नमुना तुकडा) भट्टीत ठेवा आणि कापा. डिफ्यूजन खरंच किती झालं हे कळायला कूपनशिवाय दुसरी सोय नाही.

ठिणगी

बीएनआय-२ ची बाजू घेतोय म्हणून नव्हे, पण जाड निकेल भागांना, आणि व्हेनच्या (न फिरणाऱ्या पात्यांच्या) भेगा भरायला तो कुटुंबातला पहिला पर्याय आहेच. रुंद भेगेसाठी बेस मिश्रधातूची पावडर निम्मी-निम्मी मिसळतात, म्हणजे द्रव कमी आणि सांगाडा जास्त. भेगेतलं जुनं ऑक्साइड आधी फ्लोराइड-आयन क्लीनिंगने काढावं लागतं. नुसत्या व्हॅक्यूमने ते निघत नाही.

कणसीमा

+१. व्हेनला चालतं. फिरणाऱ्या ब्लेडच्या जास्त ताणाच्या भागाला नाही.

तप्तलोह

शेवटचा प्रश्न. हनीकोंबच्या एका तुकड्यात दहा-बारा सेल सुटले तर परत भट्टीत टाकता येतं का?

शून्यदाब

ड्रॉइंगने किंवा प्रोसेस शीटने जितक्या वेळा परवानगी दिली तितक्याच वेळा. आधी कारण शोधा. गॅप मोठी म्हणून सुटले असतील तर टॅक करून, तिथेच थोडी नवी पावडर घालून, पहिल्या सायकलपेक्षा १० ते १५ अंश कमी तापमानाला. नवी पावडर तिच्या नेहमीच्या तापमानाला वितळते. जुना जोड डिफ्यूजनमुळे वर सरकलेला असतो, त्याला फारसा धक्का लागत नाही. पण सेलचा पाय निळसर-करडा दिसत असेल आणि फिलर थेंबांत गोळा झाला असेल, तर ते ऑक्साइड आहे. त्यावर आणखी फिलर घालून काही होणार नाही. तो तुकडा काढा, रिंग घासून स्वच्छ करा, नवा हनीकोंब लावा, आणि पुढच्या लोडआधी गळती पुन्हा मोजा.